उशाजवळची तिजोरी आणि माझी दहा बोटं

...नाही, पण मी म्हणतो, त्या यंत्राला अधिकार काय? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो मी. सदतीस वर्षं कॉलेजात धातुशास्त्र शिकवलं, पोलादाच्या तुकड्याकडे नुसतं बघून तो कसा तापवलाय, कसा गार केलाय ते सांगायचो... म्हणजे बहुतेक वेळा सांगायचो, दोनदा चुकलो होतो, ते दोन्ही तुकडे मला अजून आठवतात, झोप येत नाही तेव्हा हमखास आठवतात... आणि आज चपलांच्या खोक्याएवढी एक तिजोरी माझं बोट तपासते आणि लाल दिवा लावते! हे बोट तुमचं नाही म्हणते. मग कुणाचं? शेजाऱ्याकडून मागून आणलंय?

तुम्हाला सांगतो, मला फार काही नको होतं. पलंगाशेजारी ठेवायला एक तिजोरी. आत एक पिस्तूल मावेल एवढी. मला उघडावी, दुसऱ्याला उघडू नये. संपलं. आणि एवढ्यासाठी पाच आठवडे मी गावभर फिरतोय, ह्याला विचार, त्याला विचार, जणू काही मुलीचं स्थळ बघतोय. पिस्तूल माझं, पलंग माझा, बोटंही माझीच... आणि परवानगी सगळ्या जगाची!

हे सगळं सुरू झालं ते कायसापासून. कायसा म्हणजे माझी मुलगी. खाली ॲन आर्बरला मोठ्या इस्पितळात डॉक्टर आहे, अपघात विभागात. तिथे ती जे बघते ते जेवताना कधी सांगत नाही, त्यावरून काय ते समजा. ऑक्टोबरात दोन दिवस आली होती, डोकं दुखतंय म्हणाली, आणि गोळी शोधायला तिनं माझ्या पलंगाशेजारचा खण उघडला. खणात काय असणार म्हाताऱ्याच्या? तीन चष्मे, पेपरमिंट, अर्धवट सोडवलेली शब्दकोडी. आणि आईनं विणलेला एक राखाडी लोकरी मोजा. एकच. तो तिनं उचलला. मोजा जड लागला.

आता त्यात माझ्या वडिलांचं पिस्तूल होतं. वडील तांब्याच्या खाणीवर पहारेकरी, खाण बंद पडली, वडील गेले, पिस्तूल माझ्याकडे आलं. आमचं घर रस्त्याच्या शेवटाला. पुढे जंगल, मग सरोवर, मग कॅनडा. जानेवारीत शेरीफची गाडी यायला चाळीस मिनिटं, तीही बर्फ काढणारा आधी येऊन गेला असला तर. इथे घरात पिस्तूल असणं म्हणजे फावडं असण्यासारखंच. तुमच्याकडे फावडं आहे का असं कुणी विचारतं का? नाही ना? पण कायसा ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि बरं झालं असतं. ती पलंगावर बसली, पिस्तूल उघडलं, सहा काडतुसं एकेक करून गोधडीवर मांडली आणि म्हणाली, "बाबा, चौदा नोव्हेंबरला मी लिनियाला घेऊन येतेय. ती पाच वर्षांची आहे आणि दिसेल तो खण उघडते. तोपर्यंत हे कुलपात गेलं पाहिजे. आणि ते कुलूप तू माझ्यासमोर उघडून दाखवायचंस. नाही जमलं, तर मी स्वतः हे शेरीफकडे जमा करणार."

परीक्षा! माझी! मी सदतीस वर्षं परीक्षा घेतल्या, आणि आता माझी नात... म्हणजे नातीची आई... असो. मी बरंच बोललो. माझ्या घरात, माझ्या छपराखाली, माझ्या वडिलांचं, वगैरे. वाक्यं चांगली होती. कायसा शांतपणे काडतुसं मोजत होती.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. तुम्हाला सांगतो, पण इथंच राहू द्या. मार्च महिना होता. दुपारी जेवून मी जरा आडवा झालो होतो. छपरावरचा बर्फ घसरला, अंगणात धप्पकन पडला. जाग आली तेव्हा मी उठून बसलेलो, मोजा जमिनीवर, पिस्तूल माझ्या हातात, आणि ते दाराकडे रोखलेलं. दारात मार्लिस. माझी बायको. हातात घडी केलेल्या टॉवेलांची चळत. मधलं मला काहीही आठवत नाही. खण कुणी उघडला? मीच. कधी? ते विचारू नका. मार्लिसनं माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "आर्विद, चष्मा लाव." टॉवेल कपाटात ठेवले आणि खाली गेली. त्यावर आजतागायत एक शब्द नाही. बावन्न वर्षं संसार झालाय, तिचं न बोलणं मला पाठ आहे, पण हे न बोलणं नवीन होतं.

तेव्हा तिजोरी मला कायसापेक्षा जास्त हवी होती. पण ती म्हणाली म्हणून नव्हे! हा फरक लक्षात घ्या. कुणी सांगितलं म्हणून मी काही करत नसतो. पिस्तूल माझं, पलंग माझा, बोटंही माझीच, आणि भीतीसुद्धा माझी स्वतःची होती.

तर गेलो वाइनोच्या दुकानात. वाइनो लॅम्पिनेन. दुकानात पुढे बर्फाची फावडी, मधे रंगाचे डबे, मागे मासेमारीचे गळ आणि बंदुका. हा माझा विद्यार्थी. चौऱ्याऐंशी साली मी त्याला नापास केलं होतं. उत्तरपत्रिकेत त्यानं पोलाद तापवून तसंच सोडून दिलं होतं, थंड करायचं विसरला होता. मी बरोबर लोहचुंबक नेलं होतं, जाडी मोजायचं साधन नेलं होतं, आणि वहीत एक तक्ता. अकरा निकष, प्रत्येकाला वेगळे गुण, शेवटी बेरीज. वाइनोनं तक्ता बघितला, आतून बायकोला बोलावून तिलाही दाखवला.

पहिल्या तिजोरीचा पत्रा मोजला. सव्वा मिलीमीटर! मी म्हटलं, ही तिजोरी आहे की बिस्किटांचा डबा? वाइनो म्हणाला की सर, पहार घेऊन आलेल्या चोरासाठी ही नाहीच, ही आहे लहान हातांसाठी आणि आगाऊ पाहुण्यांसाठी. चोरानं सगळीच उचलून नेऊ नये म्हणून खाली चार बोल्ट आहेत, ते लाकडात नीट पिळा. बोलणं मुद्द्याचं होतं. चौऱ्याऐंशी साली असं बोलला असता तर पास केला असता.

मग त्यानं बोटाचा ठसा ओळखणारी काढली. सगळ्यांत नवीन, सगळ्यांत चपळ. म्हणाला, अर्ध्या सेकंदात उघडते. मी उजव्या हाताचं एक बोट ठेवलं. लाल. दुसरं ठेवलं. लाल. अंगठा, लाल. सदतीस वर्षं ह्या बोटांवर आम्लं सांडली, तापल्या मुशी उचलल्या, वाळूच्या कागदानं धातूबरोबर बोटंही घासली... ठसे राहणार कुठून? वाइनोनं आपलं बोट नोंदवलं आणि टेकवलं. हिरवा दिवा, टक्, झाकण वर. माझं पिस्तूल ठेवायची तिजोरी वाइनोला ओळखते! तो हातावर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, चौऱ्याऐंशीत तुम्ही मला नापास केलंत. आज यंत्रानं तुम्हाला केलं. मी काही म्हणत नाही."

काही म्हणत नाही म्हणे. मी हट्टाला पेटलो. दहाही बोटं करून बघितली आणि शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली. एकशेवीस वेळा ठेवली, चौदा वेळा उघडली. मी टक्केवारी काढली. आता कल्पना करा, चोर खोलीत शिरलाय आणि मी त्याला म्हणतोय, बाबा रे, जरा खुर्चीवर बस, मला सरासरी आठ-नऊ प्रयत्न लागतात.

मग होती किल्लीची. साधी, मजबूत, पत्राही बरा. पण किल्ली ठेवायची कुठे? लिनियाला सापडणार नाही अशा जागी ठेवली तर मला सापडणार नाही. मला सापडेल अशा जागी ठेवली तर लिनियाला माझ्याआधी सापडेल. मार्लिस म्हणाली, गळ्यात घाल. गळ्यात! म्हणजे मी घरभर गाईसारखा वाजत हिंडू? माझ्या तक्त्यात त्या निकषाला जागाच नव्हती.

राहिली आकड्यांची. मोठी बटणं, आत उजेड, चार आकडे दाबले की झाकण वर. तीन वेळा चुकलात तर पाच मिनिटं गप्प बसते. मला आवडली. मी बोलताना असं गप्प बसणारं घरात कुणी तरी हवंच होतं. घेतली. चार बोल्ट, पलंगाशेजारच्या कपाटात, पिळून पिळून बसवले. दोन तास लागले आणि कंबर धरली, पण बसवले मीच.

आता प्रश्न आकड्याचा. आणि इथे, तुम्हाला सांगतो, माझ्या हातून एक शास्त्रीय शोध लागला. दर शनिवारी सकाळी आम्ही सहा म्हातारे गावातल्या खानावळीत एका टेबलावर अंडी आणि वेलचीचा पाव खातो. त्यात रुडी सार्व्हेला, खनिज वाहणाऱ्या बोटीवर कप्तान होता, अजूनही सगळ्यांशी वारा सुटल्यासारखा बोलतो. त्याचं घर खानावळीच्या समोरच. म्हणाला, चल प्रोफेसर, माझी तिजोरी बघ, मग शहाणपण सांग. गेलो. तो म्हणाला, बस, मी कॉफी आणतो. मी तिजोरीसमोर बसलो, बटणं कशी लागतात ते बघावं म्हणून सहज दाबली. एक, एक, एक, पाच. टक्. झाकण वर!

रुडी दोन कप घेऊन दारात. त्याचं तोंड मी कधी असं बंद बघितलं नव्हतं. मग हळू आवाजात म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

कुणी सांगायला कशाला हवं? आमच्याकडे महिना आधी लिहितात, मग तारीख. अकरा-पंधरा. पंधरा नोव्हेंबर. हरणांची शिकार उघडायचा दिवस. शाळा बंद, दुकानं अर्धी बंद, त्या आठवड्यात लग्न ठेवलं तर नवरा मुलगासुद्धा येत नाही. आमच्या हाताला दुसरा चार आकडी नंबर माहीतच नाही! पण मी शास्त्रज्ञ माणूस, एका नमुन्यावर निष्कर्ष काढत नाही. पुढच्या शनिवारी टेबलावर मी विषय काढला. म्हटलं, मित्रांनो, दहा हजार आकडे उपलब्ध आहेत, दहा हजार! आणि मला शंका आहे की ह्या गावातली निम्मी कुलपं अकरा-पंधरावर उघडतात. सगळ्यांचे काटे थांबले. कुणी कुणाकडे बघेना. फक्त पाद्री म्हणाले, माझा तो नाही. आम्ही आदरानं त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, माझा अकरा-चौदा.

मी बोललो, तुम्हाला सांगतो, अर्धा तास बोललो. संभाव्यता, माणसाच्या सवयी, मेंदूचा आळस. दहा मिनिटांतच टेबल रिकामं व्हायला लागलं, एकेक जण टोपी उचलून नंबर बदलायला घरी. डोरीन, वाढणारी, तिनं मला विचारलं, काय बोललास रे त्यांना? मी सांगितलं. तिनं एप्रन सोडला आणि तीही गेली. मी एकटाच बसलो आणि बाकीची वीस मिनिटं कॉफीच्या भांड्याला व्याख्यान दिलं. मला फार बरं वाटत होतं. निवृत्तीनंतर प्रथमच.

माझा नंबर अर्थातच असा नको होता. पहिल्यांदा ठरवला एक हजार पंच्याऐंशी. तांबं वितळतं ते तापमान. वाइनोला फोन केला, म्हटलं असा नंबर घेतोय की जगात कुणाला सुचणार नाही. तो म्हणाला, "सर, एक शून्य आठ पाच?" नापास झालेल्या मुलालाही येतं म्हणजे शिकवण्यात काही खोट नव्हती, एवढंच समाधान. लग्नाची तारीख ठेवावी, तर ती मला नक्की आठवत नाही, आणि हे मार्लिसला कळणं पिस्तुलापेक्षा धोक्याचं. शेवटी मी तांबं उलटं केलं. पाच आठ शून्य एक. हुशारी बघा. फोन कानाशी, पलीकडून वाइनो सांगतोय, सर, आता आतलं लाल बटण दाबून धरा, आता नवा नंबर दाबा, आता पुन्हा दाबा... आणि मधे मधे त्याची बडबड, यंदा बर्फ लवकर आलाय, हरणं खाली उतरलीत, सर, तुम्ही पंधराला कुठे बसणार, ओढ्याकडे की टेकडीवर? मी म्हटलं ओढ्याकडे. हिरवा दिवा लागला. पिस्तूल आत, झाकण बंद. त्यानंतर नऊ दिवस मी तिला हात लावला नाही. बॅटरी उतरेल म्हणून. हो, मला माहितेय. मला सगळं माहीत असतं, नंतर.

चौदा तारीख. दुपार. कायसा आली, लिनिया आली, लिनिया आल्या आल्या बर्फात गेली, खिडकीतून तिची लाल टोपी दिसत होती. कायसानं कोट काढला आणि सरळ खोलीत. मार्लिस दारात, हाताला पीठ. मी म्हटलं, बघ, सव्वादोन मिलीमीटर पत्रा. कायसा म्हणाली, उघड.

पाच, आठ, शून्य, एक. लाल.

मी म्हटलं, बटण नीट लागलं नाही, थंडीनं होतं असं. पुन्हा. पाच, आठ, शून्य, एक. एकेक बटण सावकाश, मुलाला शिकवावं तसं. लाल. आता एकदाच. चुकलं की पाच मिनिटं ती गप्प, आणि कायसा पिस्तूल, तिजोरी, कपाट सगळं गाडीत घालणार. माझ्या डोक्यात, तुम्हाला सांगतो, काहीही नव्हतं. पांढरं. बाहेरच्या अंगणासारखं. आणि त्या पांढऱ्यात मी माझा हात पुढे जाताना बघितला. मी पाठवला नव्हता. एक, एक, एक, पाच.

टक्.

कायसा हसायला लागली. ती गावातलीच ना, तिला सांगावं लागत नाही. म्हणाली, "बाबा, आईनं फोनवर सांगितलं मला, तू सगळ्या गावाला शिकवलंस म्हणे! आणि तूही?" जिंकलो होतो मी. तिजोरी उघडली होती, कायसा हसत होती, नंबर बदलून टाक म्हणाली की विषय संपला असता. मीही हसायला तोंड उघडलं... आणि बाहेर आलं भलतंच.

म्हटलं, "कायसा, हा नंबर मी ठेवला नव्हता. हातानं ठेवला. मार्चमध्ये ह्याच हातानं मी झोपेत पिस्तूल काढलं होतं आणि तुझ्या आईवर धरलं होतं."

खाली लिनिया बर्फाला फावड्यानं मारत होती, तो आवाज येत होता. कायसानं आईकडे बघितलं. मार्लिस हाताचं पीठ झटकत म्हणाली, "चष्मा नव्हता त्याला." एवढंच. मग, "मी वाट बघत होते, हा कधी सांगतोय."

कायसानं पिस्तुलाला हात घातला. मी झाकणावर हात ठेवला. म्हटलं, नाही. म्हटलं, हे माझ्या बापाचं आहे, ह्याच घरात राहणार, ह्याच पलंगाशेजारी राहणार, म्हातारा झालोय म्हणून माझ्या वस्तू कुणी पोत्यात भरून नेणार नाही, समजलं? आता माझा हात मला विचारत नसेल तर त्या हाताला नंबर कळता कामा नये. पण हे ठरवणार मी! शेरीफ नाही, इस्पितळ नाही, वाइनोचं यंत्र नाही. पिस्तूल माझं, पलंग माझा, बोटंही माझीच! आवाज चढला होता माझा.

कायसा माझ्याकडे बघत राहिली. अपघात विभागात ती लोकांकडे अशी बघत असावी, हा माणूस घरी जाऊ शकतो का असं. मग तिनं काडतुसं वेगळी काढली, स्वतःच्या खिशात घातली, आणि मार्लिसला म्हणाली, आई, लाल बटण आत आहे. मार्लिस पुढे आली. "आर्विद, तोंड फिरव."

मी भिंतीकडे तोंड केलं. चार टकटक. पुन्हा चार टकटक. मी कान देऊन ऐकलं, पण सगळी बटणं एकसारखीच वाजतात, हा त्या तिजोरीचा एक गुण मी तक्त्यात धरलाच नव्हता. संध्याकाळी एकदा विचारलं, कुठला नंबर? सांगितला नाही. जेवताना पुन्हा विचारलं. बटाटे वाढले.

तर आता व्यवस्था अशी आहे. तिजोरी माझ्या उशाशी, चार बोल्ट, सव्वादोन मिलीमीटर, पक्की. काडतुसं कायसानं वाइनोकडे ठेवायला दिलीत. पिस्तूल आत. रात्री काही खुडबुड झाली, तर मी आधी चष्मा लावायचा, मग मार्लिसला उठवायचं, म्हणजे ती नंबर दाबेल. मी म्हटलं ठीक, हे मला मान्य, आणि माझ्या मर्जीनं मान्य. फक्त मार्लिसला हाका मारून उठवता येत नाही. झोपताना ती कानातली यंत्रं काढून ठेवते. आणि हरवू नयेत म्हणून हल्ली कुठे ठेवते, माहितेय? त्याच तिजोरीत.